काढ्याचा चोथा

काढ्याचा चोथा घरात ठेवायचा नसतो, हे रुईचूला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या आईने वडिलांच्या दम्याचा चोथा चौकात ओतला होता, सासूने सासऱ्यांच्या संधिवाताचा. चार वाटा जिथे मिळतात तिथे तो पसरायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाला लागून दुखणं चार दिशांना निघून जातं. आणि ओतून झाल्यावर सरळ घरी यायचं, मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर दुखण्याला वाटतं, आपल्याला बोलावतायत. दम्याने वडील गेले आणि संधिवात सासऱ्यांबरोबरच स्मशानात गेला, ही गोष्ट वेगळी. रुईचू एरवी काही फार भाविक बाई नव्हती. पण नवऱ्याच्या बाबतीत तिला कुठल्याच देवाशी वाकडं घ्यायचं नव्हतं.

तिचा नवरा तांग बाओलिन चीनमधल्या चीदोंगच्या बंदरावर मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बासष्ट वर्षांचा, पण डोक्यावर केस असे दाट नि काळे की तो ते रंगवतो म्हणून बंदरावर पैजा लागत. शर्टाच्या खिशात पान्याशेजारी कंगवा असायचा. इंजिनात डोकं घालण्याआधी आणि बाहेर काढल्यावर तो भांग पाडायचा. पिस्टनला काय कळतंय, म्हणून लोक चिडवायचे.

सुगीच्या दिवसांत त्याच्या यकृतावर गाठ निघाली. यांगत्सेच्या या काठावर हे दुखणं कुणाला नवं नाही, प्रत्येक घराला एखादं तरी नाव आठवतं. डॉक्टरांनी रुईचूला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितलं. तिने शांघायला मुलीला फोन केला आणि दोघींनी मिळून ठरवलं की त्याला सांगायचं नाही. "साधी गाठ आहे," तिने त्याला सांगितलं, "सलाईनने विरघळते." वॉर्डात अकरा खाटा होत्या आणि अकराही जणांना साधी गाठ होती. नर्सांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळी मंडळी या नाटकात तयार झालेली. बाओलिननेही "बरं" म्हटलं आणि भांग पाडला.

त्या दिवसापासून रुईचू गोड बोलू लागली. हे वाचणाऱ्याला साधं वाटेल, पण तिची जीभ अख्ख्या बंदराला ठाऊक होती. छत्तीस वर्षं तिने त्याला बुटांवरून, सिगारेटींवरून, पत्त्यांच्या डावावरून, आणि ग्रीसने माखलेले हात धुतल्या टॉवेलला पुसण्यावरून असं काही फैलावर घेतलं होतं की बोटीवरची माणसं काम थांबवून ऐकत. आता चकार शब्द नाही. तो बूट घालून घरभर हिंडला तरी ती मागून निमूट पुसून घ्यायची.

केमोच्या पहिल्या फेरीने त्याला पार आडवा केला. पाणीसुद्धा पोटात ठरेना. तेव्हा ती भाजीबाजारामागच्या फेई वैद्यांकडे गेली. फेई वैद्य ऐंशीला टेकलेले, कमी बोलणारे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि चौदा औषधं लिहून दिली. म्हणाले, "गाठ माझ्याने जायची नाही, ते हॉस्पिटलवाल्यांचं काम. याला खाता आलं पाहिजे, ते माझं." आणि खरोखर, आठवड्याभरात बाओलिन मक्याच्या कण्यांची पेज दोन वाट्या प्यायला लागला. तिसऱ्या फेरीनंतर तर त्याने तळलेला मासा मागितला. रुईचूने मासा तळता तळता डोळे पुसले आणि धुरावर ढकललं.

सकाळचा क्रम ठरून गेला. ती औषधं मातीच्या भांड्यात भिजत घालायची, वर घरामागच्या झाडाचे बोरासारखे पाच लाल खजूर टाकायची, भांडं मंद आचेवर चढवून त्याला म्हणायची, "जरा लक्ष ठेव, उतू जाऊ देऊ नको." आणि बाजारातून मासे घेऊन यायची. आल्यावर काढा गाळायचा, त्याला द्यायचा आणि चोथा घेऊन चौकात जायचं. ओतायचा, वळायचं, सरळ घरी.

चौथ्या फेरीआधी रक्त तपासलं आणि डॉक्टर वेईंनी तिला आत बोलावलं. डॉक्टर वेई म्हणजे तिशी उलटलेली, केस आखूड कापलेली, कायम घाईत असलेली बाई.

"मावशी, बसा. गाठ लहान झालीय. साडेसातची पाचवर आलीय. अजून दोन फेऱ्या झाल्या तर सर्जन हात घालायला तयार आहेत."

रुईचू हसायला लागणार तेवढ्यात डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे सरकवला.

"पण हे बघा. लिव्हरचा हा आकडा पन्नासच्या आत हवा. मागच्या महिन्यात होता. आज चारशे बारा आहे. अशा लिव्हरला मी केमो देऊ शकत नाही. दिली तर केमोनेच जाईल माणूस."

"कशामुळे वाढला?"

"आजारामुळे असेल, केमोमुळे असेल. घरी काही देताय का? काढा, पुडी, कुणी सांगितलेलं औषध?"

"नाही," रुईचू म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोला काढ्यावरून बोलणी बसली होती, ते तिने ऐकलं होतं.

"दोन आठवडे थांबू," डॉक्टर म्हणाल्या. "उतरला तर पुढे जाऊ. नाही उतरला तर ऑपरेशनचं विसरायला लागेल. आणि मग आपल्या हातात फारसं काही नाही, मावशी."

बाओलिन बाहेर बाकावर बसला होता. "काय म्हणाली?" त्याने विचारलं. "म्हणाली, थोडी विश्रांती घ्या," रुईचूने सांगितलं, आणि मनात एकच गोष्ट घोळत राहिली. काढा मीच उकळते. रोज सकाळी, या हातांनी. मीच तर त्याला मारत नाही ना?

त्याला घरी सोडून ती थेट फेई वैद्यांकडे गेली. कागद त्यांच्यापुढे टाकून म्हणाली, "तुमचं औषध त्याला खातंय."

वैद्यांनी चष्मा लावून कागद नीट वाचला. मग स्वतःची चिठ्ठी काढून एकेका नावावर बोट ठेवत गेले. "या चौदांत असं काही नाही," ते म्हणाले. "पण भांड्यात चौदाच असतात कशावरून?"

"मी स्वतः घालते!"

"चोथा आण. बघू."

"चोथा तर चौकात टाकला सकाळी."

"मग चौकातून आण."

"उचलून आणू? टाकलेलं दुखणं परत?"

"घरी नको नेऊस, पोरी. इकडे आण. माझी ऐंशी वर्षं झालीत, माझ्या वाट्याला आलं तर फार काही नुकसान नाही. चल, ऊठ. सफाईवाली यायच्या आत."

सफाईवाली आलेलीच होती. तीनचाकी गाडी उभी करून झाडूने कोपरा लोटत होती. "थांब!" रुईचू लांबूनच ओरडली. "झाडू नको!"

"काय पडलं, वहिनी? अंगठी?"

"चोथा."

सफाईवालीने झाडू खाली केला. "लोक टाकून पळतात, तू गोळा करायला आलीस? डोकं फिरलं का तुझं?"

चौकात तीन ढिगारे होते. गावात तेवढी माणसं आजारी होती. रुईचू आयुष्यात पहिल्यांदा खाली वाकून बघायला लागली. एकात नुसत्या काड्या. दुसऱ्यावर स्कूटरच्या चाकाचा वळ उठलेला, आणि त्या वळात लाल खजुराच्या बिया, बारीक नि टोकदार. तिच्या झाडाच्या बिया अशाच असायच्या, बाजारातल्या लांबट नि मोठ्या. तिला भीती वाटली, अगदी खरी भीती. तीन महिने एकेक दिवस करून जे घराबाहेर काढलं ते ती दहा बोटांनी गोळा करून पिशवीत भरत होती. पण बिया तिच्याच होत्या, आणि नवराही तिचाच होता. तिने शेवटची काडी उचलेपर्यंत सफाईवाली झाडू धरून उभी राहिली, आणि येणाऱ्या स्कूटरींना तिने हात करून बाजूने काढलं.

वैद्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि चोथा त्यावर ओतला. जेवायच्या काड्यांनी एकेक तुकडा उचलून त्यांनी छोटे छोटे ढीग करायला घेतले. प्रत्येक ढिगाचं नाव घेत. संत्र्याची साल. ज्येष्ठमध. हे मूळ, ते मूळ. चौदा ढीग झाले, खजुराच्या बिया वेगळ्या झाल्या, आणि कागदावर तपकिरी चकत्या उरल्या. तांबूस, जाड, सात-आठ. त्यांनी एक चकती पाण्याने धुतली आणि खिडकीशी धरली. कापलेल्या भागावर ढगांसारखी नक्षी होती.

"हे मी लिहिलेलं नाही," ते सावकाश म्हणाले. "हशोवूचं मूळ आहे. धडधाकट माणसाच्या यकृतालाही हे कधी कधी बाधतं. आणि बाओलिनचं तर..." ते थांबले. "कुणी घातलं असेल?"

"कशासाठी घेतात ते?"

"केसांसाठी. गळू नयेत, काळे राहावेत म्हणून."

रुईचूने रिकामी ओली पिशवी उचलली आणि ती तडक घराकडे निघाली.

बाओलिन उंबऱ्याशी बसून नट-बोल्ट निवडत होता. डोक्यावर लोकरी टोपी. तिच्या हातातली ओली पिशवी त्याने पाहिली, तिचा चेहरा पाहिला.

"हशोवू कुठाय?" तिने विचारलं.

त्याने हत्यारांची पेटी उघडली. सगळ्यात खालच्या कप्प्यातून, पान्यांच्या खालून, कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातात दिली. अर्धी संपलेली होती.

"बाजारात मिळतं," तो म्हणाला. "तू मासे आणायला गेलीस की मूठभर टाकायचो. काढ्याच्या वासात कळत नाही."

"केसांसाठी? बासष्टाव्या वर्षी?"

"माझ्यासाठी नाही गं." तो बोल्ट चाळवत राहिला. "तू रोज सकाळी माझ्या उशीवरचे केस वेचायचीस. एकेक. मी झोपलोय असं समजून. एप्रनच्या खिशात घालायचीस आणि मोरीत जाऊन नळ सोडायचीस. नळ सोडला की रडलेलं ऐकू येत नाही, असं तुला वाटतं. छत्तीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काम केलंय मी, रुईचू. कुठला आवाज कशाखाली लपलाय ते मला कळतं. म्हटलं, केस गळायचे थांबले तर तूही थांबशील."

शब्द रुईचूच्या ओठांवर आले होते. काय काय आले होते! पण चारशे बारा हा आकडा मध्ये आडवा पडला होता, आणि त्याच्यावरून तिचा एकही शब्द पलीकडे जाईना. या माणसाला आता काही बोलायचं, आणि उद्या हा नसला तर? तिने सगळं गिळलं.

"आत चल," ती म्हणाली. "पेज गार होतेय."

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा आणखीच उतरला. तो का उतरला हे तिला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फेई वैद्य स्वतः बसमध्ये बसून हॉस्पिटलात आले. अंगात इस्त्रीचा कोट, हातात चिठ्ठी आणि प्लास्टिकच्या डबीत ती धुतलेली चकती. रुईचूने बाओलिनला शेजारी बसवून डॉक्टर वेईंना सगळं सांगितलं.

"मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतं. मी खोटं बोलले."

"चूक माझीही आहे," फेई वैद्य म्हणाले. "हा कागद इथे दाखव, असं मी हिला एकदाही म्हणालो नाही. मला वाटायचं, तुम्ही लोक हसाल."

डॉक्टर वेई हसल्या नाहीत. त्यांनी चकती उलटसुलट करून पाहिली, चिठ्ठी वाचली, मध्येच दोनदा वैद्यांना "हे कशाला?" असं विचारलं, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. मग तिघांनाही समोर बसवून चांगलं झापलं. ऐंशी वर्षांचे वैद्य शाळकरी मुलासारखे मान खाली घालून बसले. "आता सगळं बंद," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "चकती बंद, चौदा औषधंही बंद. तुमची औषधं वाईट आहेत म्हणून नाही, मला काय कशामुळे होतंय ते कळायला हवं म्हणून. आकडा उतरला तर आपण दोघं बसून ठरवू. नाही उतरला तर याचा अर्थ दोष या मुळाचा नव्हता."

ते शेवटचं वाक्य घेऊन रुईचूने दोन आठवडे काढले.

भांडं खिडकीत पालथं पडलं होतं. सकाळी हाताला काम नाही, चौकात न्यायला काही नाही. बाओलिन कमी जेवू लागला, पण जेवत होता. ती पेज ढवळत राहायची आणि त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडलाय का ते चोरून बघायची. आठव्या दिवशीच्या तपासणीत दोनशे साठ आला. मुलगी फोनवर ओरडली, "आई, उतरतोय!" रुईचू म्हणाली, "उतरता उतरता थांबतातही." तिला आशा करायचीच भीती वाटत होती. एका रात्रीत तिने देवाला मासे खाणं सोडण्यापासून भांडणं सोडण्यापर्यंत सगळं कबूल केलं.

पंधराव्या दिवशी डॉक्टर वेई स्वतःच कागद घेऊन बाहेर आल्या.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर चालेल. सोमवारी येऊन भरती व्हा. चौथी फेरी सुरू करू."

"म्हणजे ते मूळच होतं?"

"बहुतेक तेच. ऑपरेशनचं आत्ताच काही सांगत नाही. पण दार उघडं आहे, मावशी." मग बाओलिनकडे वळून, "आणि काका, तुमचे केस परत येतात. आपोआप. काही न घालता. कळलं?"

"कळलं," बाओलिन म्हणाला.

फेई वैद्यांच्या चिठ्ठीतली पाच औषधं डॉक्टरांनी काट मारून उडवली, नऊ ठेवली आणि कागदाची प्रत फाइलला लावली. वैद्यांना फोनवर कळवलं तर ते म्हणाले, "पाच? बरं. दोन तर मीच काढणार होतो." रुईचूने हॉस्पिटलच्या दारातल्या गाडीवरून दोन वाफाळते बाव, सारण भरलेले पाव, घेतले आणि उभ्या उभ्या दोन्ही स्वतःच खाल्ले. आपल्याला भूक लागलीय हे तिला तीन महिन्यांत पहिल्यांदा कळलं. मग ओशाळून तिने त्याच्यासाठी आणखी दोन घेतले.

बसमधून उतरून ती दोघं चौकाशी आली. ऊन चांगलं होतं. रुईचूची नजर सवयीने खाली गेली. दोन फरशांच्या फटीत एक खजुराची बी अडकली होती, बारीक, टोकदार. त्या दिवशी तिच्या हातून सुटलेली. ती थांबली. बीकडे बघत थांबली, आणि मग आतून काहीतरी वर आलं.

"मूर्खा!" ती म्हणाली.

बाओलिन दचकून वळला.

"अरे शहाण्या, मेल्या, म्हाताऱ्या! मूठभर टाकायचास? भाजीत मीठ टाकतात तसं? डॉक्टर बाई दिवसरात्र मरमर मरतेय, म्हातारा वैद्य नाडी धरून बसतोय, मी पहाटे उठून निखाऱ्यावर फुंकर घालतेय, आणि हा आपला पाठीमागे गुपचूप विष कालवतोय! केस हवेत म्हणे! काय करायचेत केस? इंजिनं काय तुझ्या प्रेमात पडणार होती? चारशे बारा! माहितीय का तुला चारशे बारा म्हणजे काय? माझ्या पोटात किती गोळे आले, मोजलेस?"

मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवू लागला. "तू गप रे!" ती त्याच्यावरही ओरडली. कोपऱ्यावरची सफाईवाली झाडूवर हनुवटी टेकून ऐकू लागली. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. रुईचूचा आवाज फाटला होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती थांबत नव्हती.

बाओलिनने टोपी काढली. विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवला. त्याचा चेहरा हळूहळू असा फुलत गेला की रुईचूला वाटलं, याला उन्हाची भोवळ आली.

"दात काय काढतोस?"

"रुईचू, आकडा खरंच उतरलाय ना?"

"उतरला म्हणून तर बोलतेय! नाहीतर बोलले असते का?"

"तेच तर," तो म्हणाला. "कॅन्सर आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"कुणी सांगितलं?"

"तूच. त्या दिवशी हॉस्पिटलातून घरी आलो, तासभर बोटीवर काम केलं आणि काळेकुट्ट हात पांढऱ्या टॉवेलला पुसले. मुद्दाम नाही, सवयीने. आणि तू काही न बोलता दुसरा टॉवेल आणून दिलास." त्याने टोपी परत डोक्यावर घातली. "तेव्हाच कळलं, आता आपण मरणार. ती पुडी सापडली त्या दिवशीसुद्धा म्हटलं, आता तरी बोलेल. तर म्हणालीस, पेज गार होतेय. त्या रात्री मी झोपलो नाही."

रुईचू नुसती उभी राहिली. स्कूटर बाजूने निघून गेली.

"का थांबलीस?" बाओलिन म्हणाला. "बोल की. तीन महिने झाले, कानाला सवय राहिली नाही."

तिने बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं, त्याचं बखोट धरलं आणि त्याला घराच्या दिशेने वळवलं.

"आणि तो टॉवेल!" ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत थांबली नाही.